छपराच्या मधोमध

त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम एक लोहचुंबक असायचा. फुटक्या लाउडस्पीकरातून काढलेला, बांगडीसारखा गोल, काळा आणि चांगला जड. त्या वजनानं ते चालताना उजवीकडे किंचित झुकल्यासारखे दिसत, आणि नवख्या माणसाला वाटे, यांना संधिवात आहे. रस्त्यात उभी गाडी दिसली की ते चुंबक काढत आणि हात उंचावून छपराला लावत. टक् असा आवाज आला की म्हणत, "पत्रा." नाही आला की "फायबर" म्हणून पुढे चालू लागत. फायबरच्या गाडीविषयी त्यांना आणखी काही बोलायचं नसे.

गाडीचा मालक पुष्कळदा आतच बसलेला असे.

"ओ काका! काय चाललंय?"

"छप्पर चांगलं आहे तुमचं," काका म्हणत. "मधोमध अगदी मोकळं. तसंच ठेवा."

शिवी तोंडात तयार असलेल्या माणसाला या कौतुकाचं काय करायचं ते कळत नसे. तो "थँक्यू" म्हणून काच वर करी.

बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटींवरचे वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते आमच्या परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि उरलेल्या जागेत रेडिओ. जिथे इतरांच्या घरी देवांच्या तसबिरी असतात तिथे त्यांचा हौशी रेडिओचा सरकारी परवाना फ्रेम करून लावलेला होता. त्याला ते उदबत्ती ओवाळत नसत, पण पुसत रोज. सारी चाळ त्यांना वायरलेसकाका म्हणे. लोक गाडी बघतात ती किंमत म्हणून, नंबरप्लेट म्हणून, किंवा रस्त्यातली अडचण म्हणून. काकांना प्रत्येक गाडी म्हणजे अँटेना लावायची एक जागा दिसे. ती जागा कुठली असावी, याबद्दल त्यांच्याइतका विचार मुंबईत दुसऱ्या कोणी केला नसावा. केला असला तर मला त्या माणसाच्या घरच्यांची काळजी वाटते.

रेडिओवर बोलणारी माणसं आधी एकमेकांना विचारतात, आवाज कसा येतोय, आणि समोरचा पाचपैकी गुण सांगतो. पाच म्हणजे स्वच्छ, एक म्हणजे नुसती खरखर. काकांनी ही पद्धत रेडिओपुरती ठेवली नव्हती. नाक्यावर पुढाऱ्याची सभा झाली की ते शेवटपर्यंत उभे राहून ऐकत आणि जाताना निकाल सांगत, "आवाज पाच, मजकूर शून्य." दादरला एका लग्नात त्यांनी भटजींना तीन दिले. "घाई आहे त्यांना. पुढचा मुहूर्त गाठायचा असणार." भटजी खरोखरच जेवायला थांबले नाहीत.

दुसरी खोड याहून त्रासदायक. आपण सांगितलेलं समोरच्यानं परत म्हणून दाखवलंच पाहिजे.

"अर्धा किलो रवा, बारीक. आणि एक काडेपेटी. काय सांगितलं?"

"अर्धा किलो रवा बारीक, एक काडेपेटी," वाणी म्हणे.

"बरोबर. दे."

वाण्याच्या नव्या नोकराला आधी वाटलं, म्हातारा आपली परीक्षा घेतोय. मग वाटलं, बहिरा आहे. शेवटी तो स्वतःच सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांची यादी परत म्हणून दाखवू लागला आणि त्याचा पगार वाढला. मी एकदा काकांना विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "टगवर सांगणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं एक नसलं की जहाज धक्क्यावर चढतं. रव्याचंही तसंच."

आता माझ्या बाजूचं थोडं सांगायला हवं, कारण त्यात माझी शोभा नाही. आमच्या विभागात एक छोटा ट्रस्ट आहे. रुग्णवाहिका चालवतो, वह्या वाटतो, सत्कार करतो. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करून उरलेल्या वेळात त्याचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरीचं मुख्य काम म्हणजे आलेलं पत्र हरवू न देता त्याचं काहीही न करणं. काकांनी ट्रस्टला एक पत्र पाठवलं होतं. विसर्जनाच्या दिवशी लालबागला एवढी गर्दी असते की मोबाइल लागत नाहीत, म्हणून रुग्णवाहिकेला वायरलेस बसवावा, ते आपण फुकट बसवून देऊ, असं त्यात होतं. मी त्यावर "पुढील सभेत विचारार्थ" असा शेरा मारून ते फाइलला लावलं. पुढच्या तीन सभांत आम्ही रुग्णवाहिकेच्या रंगाचा विचार केला.

त्यानंतरच्या अनंत चतुर्दशीला दुपारी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरात झटका आला. तोंड वाकडं झालं, डावा हात लोंबू लागला. रुग्णवाहिका कुठे उभी आहे हे मला नेमकं ठाऊक होतं. मीच तिची जागा ठरवली होती. चालत दहा मिनिटांचा रस्ता. पण त्या दिवशी ते दहा मिनिटांचं अंतर माणसांनी भरलेलं होतं. मी गॅलरीत उभा राहून फोन लावत होतो. लागत नव्हता. पुन्हा लावत होतो. शेवटी चाळीतली दोन पोरं गर्दीतून वाट काढत गेली आणि गाडी आली, तेव्हा मी किती वेळ फोन लावत होतो हे घड्याळात बघायची माझी हिंमत झाली नाही. अप्पा वाचले. वाचा परत आली. डावा हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तर..." आणि पुढचं बोलले नाहीत. माणूस सभ्य होता.

महिन्याभरानं मी ते पत्र फाइलमधून काढून तिसऱ्या मजल्यावर गेलो. नुसतं पत्र पुढे केलं.

काकांनी चष्मा लावून स्वतःचंच पत्र पहिल्यापासून वाचलं. माझा शेराही वाचला.

"म्हणजे पोचलं होतं," ते म्हणाले.

त्यावर पुढे कधीही, एका अक्षरानंही, ते बोलले नाहीत. माणसाचे उपकार मोजायचे तर मी इथून सुरुवात करीन. त्यांनी फक्त मला त्याच आठवड्यात रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलं, कारण गाडीत बसून बोलणारा माणूस परवान्याचा हवा. चाळिशीनंतर परीक्षा देणं ही शिक्षाच असते; ती मी मुकाट्यानं भोगली. परवाना टपालानं आला तो पुढच्या विसर्जनाच्या जेमतेम महिनाभर आधी.

तोवर ट्रस्टची नवी रुग्णवाहिकाही आली होती. ती आमच्या अध्यक्षांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिली होती. माणूस दिलदार, फक्त त्यांची दिलदारी लांबूनही दिसावी अशी त्यांची व्यवस्था असे. गाडीच्या छपरावर, अगदी मधोमध, आतून दिवे लावलेली एक पाटी होती. तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव.

काकांनी छपराला चुंबक लावला. टक्. "पत्रा," ते आनंदानं म्हणाले. मग पाटी दिसली आणि चेहरा पडला.

"हे काय?"

"अध्यक्षांचे वडील," मी म्हणालो.

"ते तिथं का बसलेत?"

काका वाद घालणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "असू देत. आधी बाकीच्या जागा तपासू. पण ऐकणारा माणूस पाहिजे. एकाच जागी बसून रोज ऐकणारा आणि खरं सांगणारा. तुझे अप्पा काय करतात?"

अप्पा काही करत नव्हते. गिरणीत उभा जन्म साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काढलेला माणूस आजारपणानंतर गॅलरीच्या कोपऱ्यात, वाळत घातलेल्या चादरींच्या आड खुर्ची टाकून बसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला डावा हात दिसू नये म्हणून. बोलणंही कमी झालं होतं.

काका एक जुना सेट घेऊन आले. अप्पांच्या मांडीवर ठेवला.

"अप्पा, यात बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं. आम्ही गाडी फिरवणार. आवाज कसा येतोय त्याला पाचपैकी गुण द्यायचे आणि या वहीत लिहायचे. जमेल?"

"ऐकाक जमतला," अप्पा म्हणाले. "हात गेलो. कान शाबूत आसत."

"कोणाची भीड धरायची नाही."

"गिरणीत मुकादमाची धरूक नाय, तुमची कित्याक धरू?"

काकांनी सेट चालू केला, दोन पावलं मागे सरकून चादरींकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इथं नीट येणार नाही. मधे बसा." मग त्यांनी अप्पांची खुर्ची, अप्पांसकट, ओढत गॅलरीच्या मधोमध आणून ठेवली. तिथून सगळा नाका दिसतो, आणि नाक्यावरून अप्पा दिसतात. अप्पांनी डावा हात धोतराखाली घ्यायचा प्रयत्न केला. पण तेवढ्यात सेट खरखरला, वही सावरायची होती, पेन्सिल घसरत होती, आणि एक हात लपवायचं राहून गेलं.

पुढचे आठ दिवस आम्ही गाडीला अँटेना लावण्याची जागा शोधत होतो. अँटेना म्हणजे अर्ध्या मीटरची पोलादी काठी. एवढीशी वस्तू कुठेही लावता येईल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या दिवशी पुढच्या बंपरला बांधली. कॉटन ग्रीनच्या गोदामांजवळून मी बोललो. परत आलो तर अप्पांच्या वहीत "दीड" लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी छपराच्या कडेला, पन्हाळीवर. एका अंगानं चार, दुसऱ्या अंगानं दोन. तिसऱ्या दिवशी मागच्या दारावर. अप्पांनी साडेतीन दिले, पण पेशंट आत घ्यायला दार उघडलं की आवाज साफ जाई. "म्हणजे माणूस आत घेताना गाडी बहिरी," काका म्हणाले. "ती जागा रद्द."

ड्रायव्हर वैतागला होता. "काका, आठ वर्षं ॲम्ब्युलन्स चालवतो मी. पेशंट नसताना एवढा कधी फिरलो नाय."

"पेशंट आहे की," काका म्हणाले. "गाडीच पेशंट आहे. चल, शीवच्या बाजूला घे. काय सांगितलं?"

"शीवच्या बाजूला घे," ड्रायव्हर दात आवळून म्हणे.

संध्याकाळी काका वही बघायला आमच्याकडे येत. वही बघायला पाच मिनिटं लागतात. ते दोन तास बसत. चहा घेत. एकदा अप्पांनी विचारलं, काठी ती काठी, मग ती कुठे लावली यानं एवढा फरक का पडावा? काका म्हणाले, "काठी अर्धीच असते, अप्पा. उरलेली अर्धी खालच्या पत्र्यात असते, आरशात दिसावी तशी. दोन्ही मिळून पुरी काठी होते. म्हणून आरसा चारी बाजूंनी सारखा पाहिजे. कडेला लावली की आरसा एका अंगानं फुटका."

अप्पांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "माजापण अर्धाच चालता."

"म्हणून तर तुम्हाला मधे बसवलं," काका म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

अध्यक्षांना या आठ दिवसांची बातमी लागली. ते स्वतः आले. त्यांच्या मनात जागा ठरलेली होती: बॉनेटवर, पुढे, डाव्या बाजूला. मंत्र्यांच्या गाडीला झेंडा असतो तिथे. "लुक येईल," ते म्हणाले. काकांनी बॉनेटवर काठी बसवली, अध्यक्षांच्या हातात सेट दिला, त्यांना मैदानाच्या टोकाला उभं केलं आणि ड्रायव्हरला दुसऱ्या टोकाला गाडी जागच्या जागी गोल फिरवायला सांगितलं. मी आत बसून आकडे म्हणत होतो. गाडीचं तोंड अध्यक्षांकडे असलं की एक, दोन, तीन स्वच्छ. पाठ झाली की नुसतं खर्रर्र. गाडीचा मागचा उंच डबा काठीला आडवा येत होता.

"हे असं का होतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमच्याकडे तोंड असेपर्यंत गाडी तुमचं ऐकते," काका म्हणाले. "पाठ फिरली की ऐकत नाही."

आमच्या कार्यकारिणीत हे सगळ्यांचंच होतं, पण गाडीकडून अध्यक्षांची अपेक्षा जास्त होती.

"मग कुठं लावायची?"

काकांनी वर बोट दाखवलं. अध्यक्षांनी वर पाहिलं. तिथे त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

"ते नाही हलणार," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता, आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की ती पाटी नुसता दिखावा नव्हती. "बाबांचं नाव खाली उतरवायचं? लोक काय म्हणतील?"

मीटर लावून मोजता येईल अशी ती गोष्ट नव्हती. विसर्जनाला दहा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले तेव्हा चहालाही नाही म्हणाले. अप्पांनी ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, "तेका हय घेवन ये."

अध्यक्ष आले. अप्पा गॅलरीच्या मधोमध, मांडीवर सेट, बाजूला वही. अप्पांनी आधी त्यांना वही वाचायला लावली; आठ दिवस, आठ जागा. मग म्हणाले, "झिला, तुझो बापूस माझ्या बाजूच्या साच्यार होतो. बारा वर्षां. तेका नावाची पाटी कधी लागली नाय. टायमार चाय गावली की खूश." त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि वहीवर ठेवला, जसा एखादा कागद ठेवतात. "ह्यो बघ. गाडी नाक्यार उभी होती. हाक पोचूक नाय."

अध्यक्षांनी त्या हाताला हात लावला. उठताना म्हणाले, "पाटी बाजूच्या पत्र्यावर लावू. पण अँटेनेची पूजा मात्र झाली पाहिजे."

"पूजेला माझी हरकत नाही," काका म्हणाले. पुढे त्यांनी हे वाक्य आपल्या मोठ्या चुकांत धरलं.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरल्यावर काकांनी छपराच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या तिरप्या ताणल्या. दोऱ्या जिथे एकमेकींवरून गेल्या तिथे खडूची फुली केली, बोटाच्या पेरानं ठोकून खालची आडवी पट्टी लागत नाही ना ते पाहिलं, आणि ड्रिल मागितलं.

ड्रायव्हर मटकन खाली बसला. "नव्या गाडीला भोक? काका, घरी सांगितलं तर बायको जेवायला वाढणार नाय."

"सांगू नको."

आत स्ट्रेचरवर त्यांनी वर्तमानपत्रं पसरली होती. "पेशंट उताणा झोपतो. बारीक चुरा डोळ्यांत जाईल." भोक पडलं. निघालेली पत्र्याची गोल चकती, रुपयाएवढी, त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "जपून ठेव. गाडी मोडीत काढशील तेव्हा कोणी विचारलं तर सांग, पत्रा कुठं गेला." काठी बसली, कडेनं रबर बसलं. मग त्यांनी घरी जाऊन इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, स्ट्रेचरवर त्या भोकाखाली उताणे झोपले आणि मला वरून बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. पाऊण तास ते तसेच पडून होते. बाहेर आले तेव्हा शर्टावर एक थेंब नव्हता. पाठीवर मात्र वर्तमानपत्राची शाई उमटली होती. ती त्यांना कोणी सांगितली नाही.

त्या दिवशी ड्रायव्हर आणि मी शीवपासून गिरगावपर्यंत गेलो. काकांनी या वेळी गच्चीवरून ऐकलं. अप्पांच्या वहीत सगळीकडे पाच.

विसर्जनाचा दिवस. काका आमच्या चाळीच्या गच्चीवर त्यांच्या मोठ्या सेटसमोर, त्यांचे दोन जुने हौशी मित्र हातात सेट घेऊन लांबच्या नाक्यांवर, आणि मी गाडीत, आदल्या वर्षीच्याच जागी. सकाळी अध्यक्षांनी गाडीची पूजा केली होती. नारळ, हळदकुंकू, सगळं यथासांग. बाराच्या सुमारास फोन मेले. मी काकांना हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं खरखरीतून काही तरी आलं. कान सेटला चिकटवला तेव्हा कळलं, काका म्हणत होते, "एक. पाचपैकी एक. छपरावर काय आहे?"

मी उतरून पाहिलं. "काही नाही. हार आहे फक्त."

"कसला हार?"

काठीला शेंड्यापासून बुडापर्यंत चमकीचा सोनेरी हार गुंडाळलेला होता. अध्यक्षांनी स्वतः, स्टुलावर चढून. फुलांचा संध्याकाळपर्यंत कोमेजला असता म्हणून. तो चमचमत होता आणि त्याच्यातून ओवलेल्या बारीक तारेचं टोक घट्ट पिळून छपरावरच्या दिव्याच्या लोखंडी चौकटीला बांधलेलं होतं.

"चमकीचा. आत तार आहे," मी म्हणालो.

"म्हणजे काठीतला आवाज तारेनं छपरात उतरतोय," काका म्हणाले. मग, "काढ."

मी बघितलं. गाडीभोवती हजारभर माणसं होती, ढोल वाजत होते, शेजारी अध्यक्ष उभे होते. त्यांनी वडिलांची पाटी खाली उतरवून त्या बदल्यात मागितलेली एकच गोष्ट म्हणजे ही पूजा. आणि आजच्या दिवशी, सगळ्यांदेखत, पूजेचा हार उपटायचा. मी सेट तोंडाशी धरून नुसता उभा राहिलो. विचारार्थ, बहुधा.

"मी काय सांगितलं?" काका म्हणाले. आवाज रव्याच्या दुकानातला.

तोंडातून आपोआप निघालं, "हार काढायचा."

"बरोबर. काढ."

एकदा म्हणून दाखवलेली गोष्ट करणं भाग असतं, हे मला तेव्हा समजलं. मी बॉनेटवरून छपरावर चढलो. खालून अध्यक्ष ओरडले, "अरे, पूजेचा आहे तो!" मी तारेचं टोक उलगडत होतो, बोटाला तार लागून रक्त आलं. लोकांना वाटलं, हा काही विधी आहे. काहींनी हात जोडले. हार सुटला. तो टाकायचा कुठे? पायाखाली टाकता येत नव्हता. मी वाकून अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनाही तो कुठे ठेवावा कळेना, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या गळ्यात घातला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी सवयीनं हात जोडले, आणि तेवढ्यात सेटमधून काकांचा आवाज इतका स्वच्छ आला की ड्रायव्हर दचकला.

"पाच."

तासाभरानं हाक आली. कॉटन ग्रीनकडच्या एका चाळीत पन्नाशीतली बाई, छातीत दुखतंय, घाम फुटलाय. तिथल्या नाक्यावर काकांचे एक मित्र होते, त्यांच्याकडे तिचा मुलगा धावत आला होता. काकांना गच्चीवरून रस्ते दिसत होते. कुठून मिरवणूक येतेय, कुठली गल्ली मोकळी आहे, ते एकेक वळण सांगत होते, मी परत म्हणत होतो, ड्रायव्हर वळत होता. अध्यक्ष हार घालून पुढच्या सीटवर बसले होते आणि खिडकीतून लोकांना बाजूला सारत होते. त्या हारामुळे लोक खरंच बाजूला होत होते, हे कबूल केलं पाहिजे. आदल्या वर्षी माझा फोन लावण्यातच जेवढा वेळ गेला असेल, त्याच्या निम्म्यात ती बाई इस्पितळात पोचली. दिवाळीत ती पेढे घेऊन स्वतःच्या पायांनी ट्रस्टच्या कचेरीचा जिना चढून आली.

मग सत्कार झाला, कारण आमच्याकडे तो होतोच. अध्यक्ष अर्धा तास बोलले. काकांना शाल मिळाली. खाली उतरल्यावर मी हळूच विचारलं, "किती?"

"आवाज पाच," ते म्हणाले. "मजकूर तीन." त्यांनी दिलेले ते मजकुराचे सर्वांत जास्त गुण. शाल त्यांनी धूळ बसू नये म्हणून मोठ्या सेटवर घातली.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेत गेले. त्यांचा परवाना फ्रेमसकट माझ्याकडे आहे. माझ्याजवळ तो नसायला हवा, पण तो सरकारला परत करण्याचं पत्र मी अजून विचारार्थ ठेवलंय. चुंबकही माझ्याकडेच आला, आणि ती रुपयाएवढी चकती त्याला चिकटून असते. तो खिशात घेऊन फिरत नाही. म्हणजे रोज नाही.

मागच्या महिन्यात जुनी गाडी मोडीत निघाली आणि नवी आली. मी छपराला चुंबक लावला. आवाज आला नाही. फायबर. काका इथून पुढे चालू लागले असते, असं मला वाटलं; मग आठवलं, एकदा चहा पिताना ते अप्पांना सांगत होते की आरसा नसेल तर आणून बसवायचा. ड्रायव्हरला आणि मला छपराच्या आतल्या अंगाला पत्रा बसवायला दोन रविवार लागले. अध्यक्ष खाली उभे होते. दोऱ्यांची टोकं त्यांनीच धरली होती, आणि फुली पडल्यावर म्हणाले, "मधोमध आहे ना? नीट बघ."

काठी बसवून मी गाडी कॉटन ग्रीनला नेली. तिथून आकडे म्हणालो, आणि परत आलो. अप्पांना आता ऐंशी पार झालीत. सेट मांडीवर होता, खुर्ची गॅलरीच्या मधोमध. परवाना नसल्यानं ते बटण दाबत नाहीत. नियम म्हणजे नियम. मी नाक्यावरून ओरडलो, "अप्पा, किती?"

ढणढण वाजणारी ट्रकची रांग मधे होती. त्यांनी उजवा हात वर केला आणि पाची बोटं ताणून तसाच धरून ठेवला, मी बघितलं याची खात्री होईपर्यंत. डावा हात कठड्यावर होता. सगळ्या नाक्याला दिसेल असा.

मी खालून पाच बोटं वर केली. सांगितलेलं परत म्हणून दाखवावं लागतं.